जननग्रंथी-उच्छेदन आणि उंदरांतील संप्रेरक-स्राव

उंदराचे वृषण किंवा अंडाशय काढल्यावर (यालाच जननग्रंथी-उच्छेदन म्हणतात) रक्तातील एलएच आणि एफएसएच ही पोषग्रंथीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची) जननग्रंथींना चालना देणारी संप्रेरके वाढतात. वृषणातले टेस्टोस्टेरॉन आणि अंडाशयातले इस्ट्रॅडिऑल (एक इस्ट्रोजेन) ही संप्रेरके एरवी मेंदूतील अधोथॅलॅमस व पोषग्रंथी यांना आवर घालतात. या आवराला ऋण प्रत्याभरण म्हणतात. ही कल्पना शिकागोच्या कार्ल मूर आणि डोरोथी प्राइस यांनी 1932 मध्ये मांडली.

नरात एलएच साधारण एका दिवसातच चढलेले दिसते. मादीत मात्र एफएसएच काही तासांत वर जाते आणि एलएच वाढायला कित्येक दिवस लागतात. एलएचची पातळी स्थिरावायला दोन-तीन आठवडे लागतात. एफएसएचची ही घाई इन्हिबिनमुळे. अंडाशयातून येणारे हे प्रथिन मुख्यतः एफएसएचलाच दाबते, आणि अंडाशयाबरोबर तेही जाते. पोषग्रंथीत या वाढीची खूण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते: पेशी फुगतात, आत मोठी पोकळी होते, केंद्रक कडेला ढकलले जाते आणि पेशी खड्याच्या अंगठीसारखी भासते.

आवर सुटतो तो मुख्यतः अधोथॅलॅमसमधील आर्क्युएट केंद्रक या चेतापेशींच्या पुंजक्यातल्या, किसपेप्टिन हे प्रथिन स्रवणाऱ्या पेशींवरचा. त्या जोमाने काम करू लागतात, जीएनआरएचचे (पोषग्रंथीला एलएच व एफएसएच सोडायला लावणाऱ्या अधोथॅलॅमसच्या संप्रेरकाचे) स्पंद दाट होतात आणि एलएचही साधारण 20 ते 30 मिनिटांच्या अंतराने उसळते. म्हणून रक्ताच्या एकाच नमुन्यावर निष्कर्ष काढू नये. तो उसळीच्या माथ्यावर घेतला की पायथ्याशी, हे कळत नाही. रक्तवाहिनीत कायमची नळी बसवून दर 5-10 मिनिटांनी थोडे रक्त घेणे बरे. भुलीखाली मोजलेले आकडेही फसवे असतात: पेंटोबार्बिटल ऐन दुपारी दिले, तर मादीची बीजमोचनापूर्वीची एलएच-लाट अडते.

मादीत भूल देऊन शेवटच्या बरगडीमागे छोटा छेद घेतात. मूत्रपिंडाजवळच्या चरबीच्या गोळ्यात तुतीच्या फळासारखा अंडाशय सापडतो. बीजवाहिनीखाली गाठ मारून तो अखंड कापतात आणि गर्भाशय आत सोडतात. घात होतो तो इथेच. अंडाशयाचा बारीक तुकडा राहिला तरी तो पुन्हा इस्ट्रोजेन स्रवू लागतो. दोन आठवड्यांनंतर रोज योनिलेप (योनीतून घेतलेला पेशींचा नमुना) तपासावा; इस्ट्रोजेनमुळे बनणाऱ्या शृंगित (कडक, चपट्या) पेशी दिसल्या तर ती मादी प्रयोगातून बाद. शेवटी गर्भाशयाचे वजन करावे, ते घटलेले हवे. खाद्यात सोयाबीन असेल, तर त्यातील वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन हा हिशेब बिघडवू शकते. तुलनेसाठी छेद घेऊन ग्रंथी जागेवरच ठेवलेला गट लागतो, नाहीतर शस्त्रक्रियेच्या ताणाचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

उच्छेदनानंतर इस्ट्रॅडिऑल भरलेला सिलॅस्टिक (सिलिकॉन रबराच्या) नळीचा तुकडा कातडीखाली बसवला की एलएच खाली येते. पण मादीत तेच इस्ट्रॅडिऑल पुढे रोज दुपारी एलएचची लाटही उठवते. प्रौढपणी खच्ची केलेल्या नरात अशी लाट येत नाही. जन्मतःच वृषण काढलेल्या नरात ती येऊ शकते, कारण नवजात नराच्या वृषणातले टेस्टोस्टेरॉनच मेंदूतली ती सोय मोडते.