खुली अर्थव्यवस्था

ज्या देशाची वस्तू, सेवा आणि भांडवल यांची देवघेव इतर देशांशी चालते, त्या देशाच्या अर्थव्यवस्थेस खुली अर्थव्यवस्था म्हणतात. पूर्णपणे बंद अर्थव्यवस्था आज जवळजवळ पाठ्यपुस्तकातच उरली आहे. देशादेशांत फरक असतो तो कोणते दार किती उघडे ठेवले आहे याचा. या दारांतून एका देशातील तेजी-मंदी, व्याजदर आणि भाववाढ दुसऱ्या देशात कशी पोचते, हा आंतरराष्ट्रीय स्थूल अर्थशास्त्राचा विषय आहे. नाशिक जिल्ह्यात तो पुस्तकाइतकाच लासलगावच्या कांदा लिलावात आणि निफाड तालुक्यातील द्राक्षबागांत दिसतो, म्हणून या नोंदीतील उदाहरणे मुख्यतः तेथील आहेत.

देशाचा परदेशांशी होणारा सारा जमाखर्च व्यवहारतोलात मांडला जातो. आयात-निर्यात, सेवा आणि परदेशस्थांनी घरी धाडलेला पैसा चालू खात्यात येतो. गुंतवणूक आणि कर्जे भांडवली खात्यात. चालू खात्यातील तूट भरायला बाहेरून भांडवल यावे लागते, नाहीतर गंगाजळी, म्हणजे देशाजवळचा परकीय चलनाचा साठा, उपसावी लागते. १९९१ मध्ये भारताची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, सोने परदेशी गहाण ठेवावे लागले आणि जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत दोन टप्प्यांनी रुपयाचे अवमूल्यन झाले, म्हणजे त्याचा ठरवून दिलेला दर खाली आणला गेला. मार्च १९९३ पासून रुपयाचा दर बाजारावर सोडण्यात आला, अर्थात गरजेनुसार हस्तक्षेप करण्याचा रिझर्व्ह बँकेचा अधिकार राखून. (रुपयाची नोट नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये छापली जाते, तिची डॉलरमधली किंमत मात्र छापून येत नाही.)

रुपया घसरला की निर्यातदाराचे फावते, हे विधान अर्धेच खरे आहे. नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात उतरलेल्या थॉमसन सीडलेस द्राक्षांचे पैसे युरोत ठरत असतील, तर रुपया घसरल्यावर त्याच पेटीमागे अधिक रुपये हाती येतात. पण बागेला घातलेले पोटॅश खत परदेशातून आलेले असते, ज्या तेलापासून डिझेल बनते तेही बहुतांश आयातीचे असते आणि जहाजाचे भाडे डॉलरमध्ये आकारले जाते. म्हणजे जमेबरोबर खर्चही फुगतो. ऑक्टोबरची छाटणी आणि फेब्रुवारी-मार्चची काढणी यांत चार-पाच महिने जातात, त्यामुळे खर्च एका दराने होतो आणि वसुली दुसऱ्या दराने. त्याच हंगामात दक्षिण आफ्रिकेची द्राक्षेही युरोपात असतात. तिथले चलन रँड रुपयाइतकेच घसरले, तर स्वस्त रुपयाने मिळणारी आघाडी गिऱ्हाइकाच्या दारात पोचण्याआधीच नाहीशी होते. म्हणून डॉलरचा भाव एकट्याने काही सांगत नाही. प्रतिस्पर्धी देशांचे चलन आणि दोन्हीकडची भाववाढ धरून काढलेला वास्तव विनिमय दर पाहावा लागतो. बागाईतदार ही संज्ञा वापरत नसेल, पण ‘आफ्रिकेचा माल किती आला’ ही त्याची पहिली चौकशी त्याच जातीची असते.

रॉबर्ट मंडेल आणि मार्कस फ्लेमिंग या अर्थशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी केलेल्या मांडणीतून या शाखेचा सर्वांत प्रसिद्ध पेच पुढे आला: स्थिर विनिमय दर, भांडवलाची मुक्त ये-जा आणि स्वतंत्र व्याजदर धोरण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. हाँगकाँगने १९८३ पासून आपले चलन डॉलरला जखडले आणि भांडवलाला मोकळीक दिली, त्यामुळे तिथले व्याजदर अमेरिकेच्या मागोमाग हलतात. भारताने तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या घेतल्या आहेत; ही तडजोड दिसायला ओबडधोबड असली तरी निरुपयोगी नाही. तरीही मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोखेखरेदी (बाजारात पैसा ओतण्याचा तिचा मार्ग) आवरती घेण्याचा नुसता इशारा दिला, तेव्हा परकीय भांडवल माघारी वळले आणि त्या वेळी ५५ च्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टअखेर ६८ रुपयांपलीकडे गेला.

शेजारी देशांची प्रकृतीही अशीच दारात येते. श्रीलंका आणि बांगलादेश ही भारतीय कांद्याची जुनी गिऱ्हाइके. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जफेड थांबवली. बांगलादेशातही त्याच वर्षी डॉलरची टंचाई झाली आणि तिथल्या आयातदारांना बँकेतून पतपत्र (विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची हमी) मिळवणे अवघड झाले. अशा वेळी कांदाचाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याची प्रत कितीही चांगली असली, तरी घेणाऱ्याकडे डॉलर नसतात.

उलट दिशेने, भारताचे धोरणही बाहेर पोचते. देशांतर्गत भाव आवरण्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले गेले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली आणि मे २०२४ मध्ये ती शुल्कासह, टनाला किमान ५५० डॉलर दराच्या अटीवर उघडली. परदेशी आयातदारांनी या काळात पाकिस्तान आणि चीनचा कांदा घेतला. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान दराची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ पासून उठले. दरम्यान भारतावर विसंबणाऱ्या बांगलादेशाने स्वतःचे कांदा उत्पादन वाढवण्यावर भर दिला असून आपले पीक बाजारात आले की तो आयातीचे परवाने रोखून धरतो.