मदरबोर्डवर पैसे नेमके कशाचे मोजायचे?

पहिल्यांदाच स्वतःच्या हातांनी संगणक जोडणाऱ्याला प्रोसेसर निवडणं तसं सोपं जातं. ग्राफिक्स कार्डाचंही तेच. दोन्हींच्या वेगाची मोजमापं मिळतात, दोन वस्तू शेजारी ठेवून तुलना करता येते. मदरबोर्डापाशी, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या मुख्य फळीपाशी, आलं की घोडं अडतं. एकाच प्रोसेसरला चालणारे कितीतरी बोर्ड समोर असतात, सगळ्यात महागाची किंमत स्वस्ताच्या कितीतरी पट असते, आणि वेगाच्या चाचण्यांत मात्र बहुतेक सगळे जवळपास सारखे. मग जास्तीचे पैसे जातात कुठे?

वेग सारखा का, याचं उत्तर इतिहासात आहे. नव्वदच्या दशकात प्रोसेसर आणि रॅम, म्हणजे संगणकाची तात्पुरती मेमरी, यांच्यामध्ये मदरबोर्डवर एक चिप बसलेली असे, नॉर्थब्रिज. प्रोसेसरला मेमरीतलं काहीही हवं असलं की मागणी आधी या चिपकडे जायची. ती चांगली असेल तर अख्खा संगणक चपळ. सुमार असेल तर उत्तम प्रोसेसरही रखडायचा. २००३ मध्ये प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी कंपनीने ॲथलॉन ६४ हा प्रोसेसर आणला आणि मेमरीचा हा कारभार थेट प्रोसेसरच्या आत नेला. तिच्या प्रतिस्पर्धी इंटेलने २००८ मध्ये नेहालेम पिढीच्या प्रोसेसरमध्ये तेच केलं. ग्राफिक्स कार्डाशी बोलणारा भागही लवकरच आत गेला आणि नॉर्थब्रिज इतिहासजमा झाला. आजच्या मदरबोर्डकडे मुख्यतः दोन कामं उरली आहेत: प्रोसेसरला हवी तशी वीज पुरवणं, आणि सगळ्या भागांमधले संदेश न बिघडता पोहोचवणं. हात आखडता असेल तेव्हा याच दोन कामांचे पैसे द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

आधी विजेचं पाहू, कारण स्वस्त बोर्ड सगळ्यात जास्त इथेच उघडे पडतात. पॉवर सप्लायमधून बोर्डवर वीज येते ती १२ व्होल्टने. प्रोसेसरला लागतो साधारण सव्वा व्होल्ट किंवा त्याहून कमी दाब. समजा प्रोसेसर १२० वॅट खातोय आणि त्याला १.२ व्होल्ट हवे आहेत. तर त्याच्यात शिरणारा प्रवाह झाला १०० अँपिअर. मोटारीचं इंजिन चालू करताना स्टार्टर क्षणभर जेवढा प्रवाह ओढतो त्या तोडीचा हा प्रवाह प्रोसेसरला तासन्‌तास लागू शकतो, तोही बोटाच्या पेराएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात.

दाब उतरवण्याचं हे काम सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेच्या, कडेने मांडलेल्या भागांकडे असतं. त्या सगळ्याला मिळून व्हीआरएम म्हणतात. त्यातले मॉसफेट हे अतिवेगवान स्विच. सेकंदाला काही लाख वेळा ते चालू-बंद होतात. १२ व्होल्टचे १.२ करायचे तर स्विच एकूण वेळेच्या साधारण दहाव्या भागापुरताच चालू ठेवायचा. या तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या विजेचा एकसंध प्रवाह करतात ते शेजारचे चौकोनी ठोकळे, म्हणजे चोक, आणि कपॅसिटर. मॉसफेट आणि चोक यांची एक जोडणी म्हणजे एक फेज.

फेज अनेक का हव्यात? तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १०० अँपिअर एकाच वाटेने नेण्याऐवजी पाच वाटांनी वीस-वीस करून नेले, तर प्रत्येक वाटेतली उष्णता पंचविसावा भाग होते आणि पाचही मिळून एकूण उष्णता पाचव्या भागावर येते. हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा, पण मदरबोर्डच्या किमतीतला बराचसा फरक त्यात दडलेला आहे. जास्त फेज, चांगले मॉसफेट आणि त्यांच्यावर खरोखर वजनदार ॲल्युमिनियमची हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा ठोकळा), यांचे पैसे वाजवी आहेत. कमी फेजचा, हीटसिंक नसलेला बोर्ड तापला की स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरची वीज कमी करतो. बोर्डामुळे वेग कमी होतो तो मुख्यतः इथे. खोक्यावर छापलेला फेजचा आकडा मात्र जसाच्या तसा धरू नये. एका फेजचे भाग दुप्पट करून आकडा मोठा दाखवण्याची पद्धत रूढ आहे. व्हीआरएमचं तापमान मोजलेली एखादी स्वतंत्र चाचणी वाचणं जास्त उपयोगाचं.

मग आपल्याला किती दमदार व्हीआरएम लागेल? ते प्रोसेसरवर ठरतं, आणि इथे एक चकवा आहे. इंटेलच्या कोअर आय५ १२४०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण पूर्ण जोर लावल्यावर तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. आय७ १२७०० वरही ६५ वॅटच लिहिलेलं, त्याची कमाल मर्यादा १८० वॅट. एएमडीचे ६५ वॅटचे रायझन ८८ वॅटच्या आसपास थांबतात. म्हणून प्रोसेसरच्या माहितीत मूळ वॅटबरोबरच कमाल वॅटही शोधावेत. सहा कोअरच्या मध्यम प्रोसेसरला बहुतेक साधे बोर्ड व्यवस्थित पुरतात. तिथे भारी व्हीआरएम घेऊन काहीच हाती लागत नाही.

दुसरं काम संदेश पोहोचवण्याचं, आणि मदरबोर्डवरचं मला सगळ्यात सुंदर वाटणारं अभियांत्रिकी इथेच आहे. बोर्ड तिरपा धरून सॉकेट आणि रॅमच्या स्लॉटच्या मधली जागा पाहिली तर तांब्याच्या काही रेषा विनाकारण नागमोडी गेल्यासारख्या दिसतात. कारण आहे. बोर्डातल्या रेषेतून विद्युत संदेश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, साधारण १५ सेंटिमीटर जातो. डीडीआर५-६००० रॅम (पाचव्या पिढीची, ६००० वेगाची) एका रेषेवरून सेकंदाला ६०० कोटी बिट पाठवते, म्हणजे एका बिटच्या वाट्याला नॅनोसेकंदाचा सहावा भाग. तेवढ्यात संदेश जेमतेम अडीच सेंटिमीटर सरकतो. शेजारच्या दोन रेषांच्या लांबीत काही मिलिमीटरचा फरक पडला तरी एकत्र निघालेले बिट मागेपुढे पोहोचतात. म्हणून जवळची रेषा मुद्दाम वळणं देऊन लांबवतात. बोर्डात तांब्याचे थर किती, चार की सहा की आठ, यावरही हे संदेश किती स्वच्छ राहतात ते अवलंबून असतं, आणि थर वाढले की खर्च वाढतो.

यातून काटकसरीने घेणाऱ्याच्या फायद्याची एक गोष्ट निघते. रॅमचे दोनच स्लॉट असलेला बोर्ड पाहून कमीपणा वाटायचं कारण नाही. रिकामा स्लॉट म्हणजे पुढे कुठेच न जाणारा रेषेचा तुकडा; त्याच्या टोकावरून संदेश परावर्तित होऊन मूळ संदेशात मिसळतो. त्यामुळेच चार स्लॉटच्या बोर्डवर रॅमच्या दोन पट्ट्या लावताना प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायला सांगतात. शिवाय चारही भरले की वेग उतरतो: रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दोन पट्ट्यांना ५२०० चा वेग दिला आहे, चार पट्ट्यांना फक्त ३६०० चा. पहिल्यापासून दोन सारख्या पट्ट्या घेणं हाच चांगला मार्ग. एकच मोठी पट्टी नको, कारण दोन पट्ट्यांनी मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद होतो, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल तर त्याचा फरक डोळ्यांना दिसतो.

आता चिपसेट. यूएसबी, साटा (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत), नेटवर्क, जादा एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) अशा तुलनेने संथ गोष्टींची वर्दळ ही चिप सांभाळते. बोर्डाच्या नावातलं अक्षर तिचंच. इंटेलच्या बाजूला एच६१० सगळ्यात साधी: रॅमचे दोनच स्लॉट, रॅमचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे नेता येत नाही, आणि चिपसेटला जोडलेली एसएसडी पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या तिसऱ्या पिढीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला साडेतीन गिगाबाइटच्या आसपास चालते. रोजच्या कामाला तेवढा वेग भरपूर आहे. बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो. झेड७९० चा मोठा फायदा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याचा, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याचा, तोही नावात ‘के’ असलेल्या प्रोसेसरचाच; साध्या प्रोसेसरला झेड बोर्ड घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. एएमडीच्या बाजूला बी६५० सारख्या मधल्या चिपसेटवरही ओव्हरक्लॉकिंग करता येतं. पहिल्या संगणकाला मी बी अक्षराच्या बोर्डापासून शोध सुरू करायला सांगेन आणि पैसे कमीच पडत असतील तर इंटेलच्या एच किंवा एएमडीच्या ए कडे उतरायला.

आकाराचा फार विचार नको. मायक्रो एटीएक्स, म्हणजे २४४ मिलिमीटरचा चौरस, बहुतेकांना पुरतो, आणि १७० मिलिमीटरचा मिनी आयटीएक्स लहान असूनही सहसा महाग पडतो.

सॉकेटबाबत थोडं थांबायला हवं. पिना जुळल्या म्हणजे प्रोसेसर चालेलच असं नाही. २०१७ मध्ये इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर एलजीए ११५१ याच सॉकेटचे आले, पण त्याच सॉकेटच्या आधीच्या बोर्डांवर ते अधिकृतपणे चालत नव्हते. एलजीए १७०० वर बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर चालले आणि २०२४ मध्ये एलजीए १८५१ आला. एएमडीचा एएम४ सॉकेट २०१६ चा, आणि त्यावर कितीतरी वर्षं नवे प्रोसेसर येत राहिले. २०२० मध्ये कंपनीने ४०० मालिकेच्या बोर्डांवर रायझन ५००० चालणार नाहीत असं जाहीर केलं, तेव्हा बायोस, म्हणजे संगणक चालू करणारा बोर्डातला मूळ प्रोग्रॅम, साठवणाऱ्या १६ मेगाबाइटच्या चिपमध्ये जागा पुरत नसल्याचं कारण दिलं होतं. वापरकर्त्यांनी जोरदार विरोध केल्यावर तो निर्णय फिरवला गेला. पुढे प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर एएमडीचा सध्याचा एएम५ सॉकेट मला जास्त भरवशाचा वाटतो. मात्र त्यावर डीडीआर५ रॅमच चालते. एलजीए १७०० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन वेगळ्या प्रकारांत येतात आणि खाच वेगळ्या जागी असल्याने एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. हाताशी जुनी डीडीआर४ रॅम असेल तर हा फरक पैसे वाचवू शकतो.

बोर्डामागच्या, मॉनिटरची केबल लावायच्या जागांचंही असंच: दिसतात म्हणून चालतीलच असं नाही. त्या चालतात प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तरच. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ते नसतं, रायझन ५००० च्या बहुतेक प्रोसेसरमध्येही नसतं.

पैसे ठरवण्याआधी एक काम अजिबात टाळू नये. बोर्ड बनवणारी कंपनी प्रत्येक मॉडेलसाठी चालणाऱ्या प्रोसेसरची यादी देते आणि प्रत्येकापुढे बायोसची किमान आवृत्ती लिहिते. बोर्ड बरेच महिने पडून असेल तर त्यात जुनी आवृत्ती असते आणि नवा प्रोसेसर लावल्यावर पडदा काळाच राहतो. यावर उपाय म्हणजे बायोस फ्लॅशबॅकचं बटण. पेन ड्राइव्हवर नवी फाइल घ्यायची, फक्त पॉवर सप्लाय जोडायचा आणि बटण दाबायचं. प्रोसेसर आणि रॅम नसतानाही बायोस बदलतो. रंगीत दिवे आणि चकचकीत आवरणं सोडून या बटणासाठी थोडे जास्त मोजावेत.

तशीच दुसरी छोटी सोय म्हणजे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट अशी नावं लिहिलेले चार बारीक दिवे. कुठे अडलंय ते हे दिवे सांगतात, आणि जवळ दुसरे सुटे भाग लावून पाहायची सोय नसलेल्या नवख्याला त्यांचा फार आधार होतो. डीडीआर५ च्या संगणकात पहिल्यांदा बटण दाबल्यावर बोर्ड रॅमच्या प्रत्येक रेषेची वेळ जुळवून पाहतो. याला काही मिनिटंही लागू शकतात. तेवढा वेळ पडदा काळा असतो आणि रॅमचा दिवा पेटलेला राहतो; त्यात बिघाड नसतो, आणि घाबरून वीज बंद केली तर ती सगळी जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.