निकोटिन आणि टार: सवय लावणारं एक, जीव घेणारं दुसरं

सिगारेट सोडायची म्हणून डॉक्टरने निकोटिनचं च्युइंगगम लिहून दिलं की बऱ्याच जणांच्या कपाळावर आठ्या येतात. ज्या निकोटिनने इतकी वर्षं वाट लावली, तेच पुन्हा विकत घेऊन चघळायचं? शंका रास्त वाटते, पण तिच्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत आहे. तंबाखूची सवय लावणारा पदार्थ आणि तंबाखूने होणारे बहुतेक आजार घडवणारे पदार्थ एक नाहीत. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ सालीच हे एका वाक्यात लिहून ठेवलंय: लोक ओढतात निकोटिनसाठी, मरतात टारमुळे.

आधी निकोटिन. तंबाखूचं झाड ते मुळांत तयार करतं, किडींपासून बचाव म्हणून. धुरातून छातीत गेलेलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचतं. तिथे डोपामिन सुटतं, बरं वाटतं, आणि मेंदू लगेच शिकतो की हा झुरका आणि हे बरं वाटणं यांचा संबंध आहे. या वेगातच सगळी मेख आहे. तेच निकोटिन हळूहळू मिळालं तर इतकी घट्ट सवय लागत नाही. साधारण दोन तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, म्हणून दिवसभर थोड्या थोड्या वेळाने हात पाकिटाकडे जातो आणि रात्रभराच्या खंडानंतर सकाळची पहिली सिगारेट सर्वांत हवीशी वाटते. ‘ओढली की डोकं शांत होतं’ असं म्हणतात त्यात तथ्य आहे, फक्त ते डोकं बऱ्याचदा निकोटिन उतरल्यामुळेच अशांत झालेलं असतं.

निकोटिन निर्दोष आहे असं मात्र कोणी समजू नये. त्याने नाडी आणि रक्तदाब वाढतो, गर्भातल्या बाळाच्या मेंदूवर आणि फुफ्फुसांवर परिणाम होतो, किशोरवयातल्या मेंदूला ते फार लवकर जखडतं. ओली पानं तोडणाऱ्या मजुरांच्या कातडीतून ते अंगात भिनतं आणि त्यांना मळमळ, उलट्या, चक्कर सुरू होते. पण कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या जागतिक यादीत निकोटिनचं नाव नाही. हे सामान्य माणसाला ठाऊक नसलं तर समजू शकतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका पाहणीत मात्र दहापैकी आठ जणांनी निकोटिनमुळे कॅन्सर होतो असं ठामपणे सांगितलं होतं.

आता टार. तंबाखूच्या पानात टार नसतंच, ते जळताना तयार होतं. प्रयोगशाळेत धुरातले कण गाळून घेतात, त्यातून पाणी आणि निकोटिन वजा करतात, आणि जे उरतं त्याला टार म्हणतात. म्हणजे व्याख्येनेच टारमध्ये निकोटिन धरलेलं नाही! बोटांवर आणि दातांवर चढणारा पिवळट-तपकिरी थर बराचसा याचाच. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं सापडली आहेत आणि त्यांपैकी सत्तरच्या आसपास कॅन्सरकारक आहेत. बेंझोपायरीन त्यांतलं कुप्रसिद्ध.

रसेल यांच्या वाक्यात एक जोड हवी. मारणारं सगळं टारमध्येच असतं असं नाही, धुरातले वायूही आहेत. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो, त्यामुळे रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते. बारीक कण आणि वायू मिळून रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतात. हृदयाच्या बाबतीत हिशोब फारच वाकडा आहे: दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या विसावा हिस्सा नसतो, जवळजवळ निम्मा असतो. ‘मी आता खूप कमी केलीय’ हे फुफ्फुसाला थोडंफार पटेल, हृदयाला नाही. पूर्ण सोडण्याचा फायदा मात्र खणखणीत आहे. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षं मागोवा घेतला गेला, त्यात आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. चाळिशीला सोडणाऱ्यांनी त्यांतली नऊ वर्षं परत मिळवली, साठीला सोडणाऱ्यांनीही तीन.

मग तंबाखू चघळणाऱ्याचं काय? तिथे विस्तव नाही, म्हणजे टार नाही, तरी तोंडाचा, अन्ननलिकेचा, स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो. इथे आपली सरळ रेघ थोडी पुसट होते. पानं वाळवताना आणि आंबवताना निकोटिन आणि त्याची भावंडं असलेली अल्कलॉइडं नायट्राइटशी संयोग पावतात आणि नायट्रोसमाइन तयार होतात. ही पक्की कॅन्सरकारक. म्हणजे निकोटिन स्वतः कॅन्सर करत नसलं तरी कॅन्सर करणाऱ्याचा कच्चा माल ठरतं. स्वीडनमधल्या स्नूसमध्ये, म्हणजे ओठाखाली ठेवायच्या तंबाखूत, पानं आंबवण्याऐवजी वाफेने तापवतात, जंतू मरतात आणि नायट्रोसमाइन बरेच कमी राहतात. सवय तीच, विषाचं प्रमाण वेगळं.

ही गल्लत सर्वांत हुशारीने वापरली ती सिगारेट कंपन्यांनी. ‘लाइट’ सिगारेटचा फिल्टर उजेडासमोर धरला तर त्याच्या वेष्टनावर बारीक छिद्रांची एक ओळ दिसते. झुरका घेताना त्या छिद्रांतून बाहेरची हवा आत येते आणि धूर पातळ होतो. टार मोजणारं यंत्र मिनिटाला एकदा, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा झुरका घेतं, त्यामुळे आकडा कमी येतो. माणूस यंत्र नाही. त्याला ठरलेलं निकोटिन हवं असतं, म्हणून तो जास्त खोल, जास्त वेळा ओढतो, आणि ओठांनी किंवा बोटांनी ती छिद्रं नकळत झाकून टाकतो. पाकिटावर टार कमी, छातीत तेवढंच. युरोपीय संघाने २००३ मध्ये ‘लाइट’, ‘माइल्ड’ या शब्दांवर बंदी घातली. २००५ मध्ये लागू झालेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराने अशा दिशाभूल करणाऱ्या शब्दांना मनाई केली. मग पाकिटांचे रंग फिके झाले. शब्द गेले, ‘ही सौम्य’ असा इशारा राहिला.

गमचं गणित याच्या बरोबर उलटं: निकोटिन आहे, धूर नाही. ते साध्या च्युइंगगमसारखं चावत राहिलं तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, घसा जळजळतो, आणि लोक ‘आपल्याला नाही झेपत’ म्हणून सोडून देतात. काही वेळा चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. कॉफी किंवा आंबट पेय आधी पंधरा मिनिटं टाळायचं, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. ते मेंदूत हळूहळू पोहोचतं, म्हणून झुरक्याची मजा येत नाही, पण तलफ निभावते. गम आणि कातडीवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००९ पासून आहेत.

नियमनाचे नेहमीचे उपाय या भेदाच्या भानगडीत पडत नाहीत. कर वाढवून किंमत दहा टक्क्यांनी चढवली की श्रीमंत देशांत खप सुमारे चार टक्के आणि इतरत्र पाच टक्क्यांच्या आसपास उतरतो. चित्ररूप इशारे, जाहिरातबंदी, सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी हेही परिणामकारक आहेत आणि आधी तेच करावेत, असं माझं मत.

पुढची पायरी मात्र या भेदावरच उभी आहे. टार कमी करून निकोटिन ठेवण्याचा प्रयोग ‘लाइट’ने फसवला. आता उलटा विचार सुरू आहे: तंबाखूतलंच निकोटिन इतकं घटवायचं की सवय लागूच नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये एक ग्रॅम तंबाखूमागे ०.७ मिलिग्रॅम निकोटिनची मर्यादा सुचवली. नेहमीच्या सिगारेटमध्ये ते ग्रॅममागे साधारण १७ मिलिग्रॅम असतं. इथे छिद्रं झाकून उपयोग नाही, कारण पानातच निकोटिन उरलेलं नाही. न्यूझीलंडने असाच कायदा २०२२ मध्ये केला आणि सरकार बदलल्यावर २०२४ मध्ये तो मागेही घेतला. यातला धोका उघड आहे: निकोटिन कमी म्हणजे सिगारेट निरुपद्रवी, असं लोकांना वाटेल, आणि धूर तर जसाच्या तसा विषारी राहील.

ई-सिगारेट हे या भांडणाचं सर्वांत अवघड टोक. जळत काही नाही, म्हणून टार नाही. निकोटिन मात्र भरपूर. वीस वर्षं ओढणारा पूर्णपणे तिच्याकडे वळला तर त्याचा धोका पुष्कळ उतरतो, कधीच न ओढलेल्या पंधरा वर्षांच्या पोराच्या बाबतीत ती निव्वळ नवी सवय. ब्रिटिश सरकारने २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना ई-सिगारेटचे संच मोफत द्यायची योजना जाहीर केली, आणि जून २०२५ पासून मुलांच्या हाती सहज पडणाऱ्या, वापरून फेकायच्या ई-सिगारेटींवर ब्रिटनमध्ये बंदी आली. यावर दुटप्पीपणाची टीका झाली. मला त्यात विसंगती दिसत नाही: पहिला निर्णय आधीच धुरात अडकलेल्यांसाठी आहे, दुसरा अजून निकोटिन न चाखलेल्यांसाठी.