स्मोक केलेलं चिकन कडू का लागतं?
अख्खी कोंबडी घरी स्मोक करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आमच्याकडून स्मोकर नेल्यावर पहिला फोन येतो तो बहुतेक वेळा एकाच तक्रारीचा. रंग सुरेख आला, आतून शिजलंही व्यवस्थित, पण चव कडू, जिभेला चरचरतं. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: स्मोकरमध्येच काहीतरी दोष आहे, बदलून द्या. स्मोकर परत येतो, आम्ही तो पेटवून, तापवून तपासतो आणि तो नीट चालतो. या येण्याजाण्यात तुमचाही दिवस मोडतो आणि आमचाही. म्हणून आता हे माहितीपत्रक स्मोकरच्या खोक्यातच ठेवतो. कोळसा कसा पेटवायचा, जाळी कशी बसवायची हे सूचनापुस्तिकेत आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही.

कडूपणा येतो कुठून

लाकूड नीट धुमसायला उष्णता लागते तशी हवाही लागते. हवा कमी पडली की लाकूड घुसमटतं. मग अर्धवट जळलेल्या लाकडातलं डांबर, काजळी आणि वाफ असं सगळं मिळून पांढऱ्या, कधी पिवळट लोटांनी बाहेर पडतं. फ्रीजमधून काढलेली कोंबडी थंड असते. थंड काचेवर वाफ धरते तसं हे डांबर तिच्या कातडीवर धरतं. बोट फिरवून पाहा, चिकट तपकिरी थर हाताला लागेल. जिभेला चरचरतं ते हेच. एकदा बसलेला हा थर मसाल्याने किंवा सॉसने झाकला जात नाही. कातडी काढून टाकली तर आतलं मांस बहुतेक वेळा वाचतं, पण मग अख्खी कोंबडी स्मोक करण्यातली निम्मी मजा गेली.

हवा पुरेशी असली की धूर पातळ आणि निळसर येतो, भर उन्हात तर दिसतही नाही. इथेच ग्राहकांना वाटतं की धूर संपला, आणि ते आणखी लाकूड टाकतात. ज्याला आपण धुराची चव म्हणतो, ती मुख्यतः लाकडातलं लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) तापून तयार होणाऱ्या ग्वायकॉल, सिरिंगॉल यांसारख्या द्रव्यांची असते. ती पातळ धुरातही असतात. धूर बाहेर सोडणाऱ्या वरच्या झडपेपाशी लाकडाचा गोडसर वास येतोय ना, मग काम चालू आहे असं समजा.

गोमांसाच्या मोठ्या, जाड तुकड्याला थोडा जास्त धूर खपून जातो. कोंबडीला खपत नाही. तिचं मांस सौम्य चवीचं, आकार लहान, आणि वरून सगळीकडे चरबी असलेली कातडी. धुरातली बरीच द्रव्यं चरबीत चटकन मुरतात, त्यामुळे चांगला धूर जसा लगेच लागतो तसा वाईटही लगेच लागतो.

वरची झडप बंद करू नका

या पत्रकातलं एकच वाक्य वाचणार असाल तर हे वाचा: वरची झडप पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण उघडी ठेवा. आच कमी-जास्त करायची ती फक्त खालच्या झडपेने.

धूर बाहेर जाताना दिसला की तो वाया जातोय असं वाटणं साहजिक आहे, आणि हात आपोआप वरच्या झडपेकडे जातो. पण वरून धूर बाहेर पडला तरच खालून ताजी हवा आत ओढली जाते. वरची वाट बंद केली की शिळा धूर आत कोंडतो, निखारे मंदावतात, लाकूड घुसमटतं आणि कोंबडीभोवती डांबराचा ढग साचतो. स्मोकरमधून धूर जेवढा सतत वाहता राहील तेवढं चिकन चवीला स्वच्छ लागतं.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे घाई. कोळसा पेटला, त्यावर लाकूड टाकलं आणि लगेच कोंबडी जाळीवर ठेवली. लाकडाचा नवा ठोकळा पेट घेताना सुरुवातीला पांढरा धूर येणारच, त्यात काही चुकलेलं नसतं. तो ओसरू द्या. बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण घड्याळापेक्षा धुराकडे बघा. झडपेतून निघणाऱ्या धुरातून पलीकडची भिंत किंवा झाड स्पष्ट दिसतंय का? दिसत नसेल तर थांबा. शंका असेल तर स्टीलची थंड ताटली चिमट्याने झडपेवर अर्धा मिनिट धरा. तिच्यावर पिवळट-तपकिरी चिकट डाग पडला तर तोच डाग कोंबडीवरही पडणार आहे.

लाकूड किती आणि कसलं

दीड-दोन किलोच्या कोंबडीला मुठीएवढे दोन किंवा तीन ठोकळे पुरे होतात. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून मूठभर ढलप्या टाकत बसू नका. प्रत्येक वेळी आतली उष्णता निघून जाते आणि नव्या ढलप्या पुन्हा पांढरा धूर सोडतात.

लाकूड भिजवायचं का, हे आम्हाला सारखं विचारतात. आमचं उत्तर नाही असंच आहे. पाणी लाकडाच्या वरच्या थरातच शिरतं, आणि ते पाणी १०० अंशांना वाफ होऊन उडेपर्यंत लाकूड धुमसायला लागत नाही. तोवर जे पांढरं दिसतं त्यात बरीचशी वाफच असते, आणि तेवढा वेळ निखारेही थंडावतात. म्हणून आम्ही लाकूड पूर्ण वाळवून, बंद पिशवीत विकतो आणि पिशवी मुद्दाम लहान ठेवतो, म्हणजे ती तुमच्याकडे उघडी पडून दमट होत नाही.

आमचं लाकूड इतर सरपणापेक्षा महाग का, असंही काही जण विचारतात. आम्ही फक्त सफरचंद, चेरी, ओक, हिकरी अशी कठीण लाकडं ठेवतो, तीही साल काढून. पाइनसारख्या राळेच्या लाकडाचा धूर कोंबडीला अजिबात चालत नाही. जुन्या फर्निचरचं, रंग दिलेलं लाकूड आणि प्लायवूड तर कधीच वापरू नका, त्यातला रंग, गोंद आणि रसायनं धुरातून थेट अन्नात उतरतात. पहिल्यांदा करत असाल तर सफरचंद किंवा चेरी घ्या. हिकरी जोरकस असते, तिचा एकच ठोकळा पुरे.

कातडी रबरासारखी होत असेल तर

तक्रारींत हिचा दुसरा नंबर. कारण बहुतेकदा आच मंद ठेवणं. १०५-११० अंशांवर तासन्‌तास ठेवायची पद्धत मोठ्या, चिवट मांसासाठी आहे. कोंबडीत तेवढं चिवट काही नसतं, आणि त्या आचेला कातडीतली चरबी नीट वितळत नाही. जाळीपाशी १३५ ते १६० अंश ठेवा. दीड-दोन किलोची कोंबडी साधारण दोन ते अडीच तासांत होते. पाठीचा कणा कापून ती उघडून पसरवली तर आणखी लवकर होते.

जाळीपाशी म्हटलं ते मुद्दाम. झाकणावरचा काटा झाकणाजवळचं तापमान सांगतो आणि जाळीवरचं त्यापेक्षा बरंच वेगळं असू शकतं. दोन प्रोबचा (तापमान मोजणाऱ्या सळयांचा) डिजिटल थर्मामीटर स्मोकरबरोबर घ्या असं आम्ही सुचवतो ते यासाठी. एक प्रोब जाळीवर, दुसरी छातीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता. थर्मामीटर आधीच असेल तर नवा घेण्याची गरज नाही. नसेल तर मात्र स्मोकरच्या आधी तो घ्या, असंच सांगू.

छातीत ७४ अंश झाले की कोंबडी खायला सुरक्षित. अमेरिकेच्या कृषी खात्याचंही पोल्ट्रीसाठी हेच प्रमाण आहे. मांडी ८० अंशांच्या आसपास जास्त मऊ लागते. रंगावर जाऊ नका. धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याशी मिळून कातडीखाली गुलाबी पट्टा उमटवतात आणि पूर्ण शिजलेल्या कोंबडीतही तो राहतो. कोवळ्या कोंबडीच्या हाडांजवळ लालसर झाक दिसते, तीही कच्चेपणाची खूण नाही. गुलाबी दिसलं म्हणून ९० अंशांपर्यंत नेऊन कोरडं केलेलं चिकन पाहिलं की आम्हाला खरंच वाईट वाटतं.

आदल्या रात्री

गोठवलेली कोंबडी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पूर्ण वितळू द्या, दीड-दोन किलोला एक दिवस धरा. नळाखाली धुऊ नका, धुण्याने जंतू जात नाहीत, ओट्यावर आणि भांड्यांवर उडतात. किलोमागे दहा ते पंधरा ग्रॅम मीठ सगळीकडे चोळा आणि रात्रभर फ्रीजमध्ये झाकण न ठेवता ठेवा. सकाळी कातडी कोरडी, किंचित चिकट लागते. अशा कातडीवर धूर एकसारखा बसतो आणि ती खमंगही होते. पाण्याचे थेंब राहिले तर तिथे काळे ओघळ उमटतात. पोटात सारण भरू नका, ते सुरक्षित तापमानाला यायला उशीर लागतो आणि तोवर छाती कोरडी पडते.

बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून कापा. स्मोक केलं म्हणजे चिकन टिकाऊ झालं असं नाही. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

आणि स्मोकर कायम उघड्यावरच पेटवा. स्वयंपाकघर, गॅरेज, काचा लावलेली बाल्कनी चालणार नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे तो साचलेला कळत नाही.

तरीही कडू लागलं तर

आम्हाला जरूर फोन करा. फक्त त्याआधी चार गोष्टी टिपून ठेवा: वरची झडप किती उघडी होती, लाकूड कुठलं आणि किती टाकलं, कोंबडी ठेवताना धुराचा रंग काय होता आणि जाळीवर तापमान किती होतं. शक्य असेल तर झडपेतून निघणाऱ्या धुराचा एक फोटो पाठवा. एवढ्यावर आम्ही बहुतेक वेळा फोनवरच उपाय सांगू शकतो. झडप खरोखरच अडकत असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर स्मोकर आणून द्या, तो भाग आम्ही बदलून देतो.