स्पोर्ट्स कूपे विकायला आणताय? आयडीव्ही म्हणजे भाव नव्हे

आमच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात दोन दारांची कूपे विकायला आणणारे बरेच मालक सोबत विमा पॉलिसी आणतात आणि आयडीव्हीच्या आकड्यावर बोट ठेवतात. ‘विमा कंपनी एवढी किंमत मानते, मग तुम्ही का नाही?’ या एका प्रश्नावर तुमची-आमची अख्खी दुपार जाते, म्हणून हे छापून ठेवलं आहे.

गाडी चोरीला गेली किंवा पार मोडीत निघाली, तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल, ती रक्कम म्हणजे आयडीव्ही. शोरूमच्या किमतीतून ठरलेली घट वजा करून ती काढतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षापर्यंत ५०. त्यापुढे मालक आणि कंपनी आपसांत ठरवतात. हे कोष्टक हॅचबॅकलाही तेच, फोर्डच्या व्ही-एट (आठ सिलिंडरच्या) मस्टँगलाही तेच. गिऱ्हाईक किती आहेत, हे त्यात कुठेच धरलेलं नसतं. मुंबईत कूपेला बघे पुष्कळ, घेणारे मोजके: मागे मोठं माणूस नीट बसत नाही, स्पीडब्रेकरवर पोट घासतं आणि पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या मिलन सबवेकडे फिरकायची सोय नाही. त्यामुळे पहिल्या दोन-तीन वर्षांत भाव कोष्टकापेक्षा जोरात घसरू शकतो. उलटही होतं. मस्टँग २०१६ साली इथे ६५ लाखांना आली, पुढे फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवलं. नीट राखलेली व्ही-एट आली तर आम्ही आनंदाने बोलायला बसतो. (प्रीमियम वाचवायला आयडीव्ही कमी करून घेतलेले मालक मात्र पॉलिसी घरीच विसरतात.)

ऑन-रोड किमतीचंही (रोड टॅक्स, विमा धरून पडलेल्या) तसंच. त्यातला रोड टॅक्स सरकारजमा झाला. महाराष्ट्रात महागड्या पेट्रोल गाडीला तो १३ टक्के, आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला २०. विमाही मुदत झाली की संपतो. हिशेब एक्स-शोरूम किमतीपासून (रोड टॅक्स, विमा सोडून) करा, तोही आजच्या. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या इंजिनाच्या कारवरचा सेससह ४८ टक्के कर ४० वर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव तिच्यामागे उतरतोच.

‘फक्त आठ हजार किलोमीटर चालली आहे’ हे ऐकून आम्ही आधी टायर बघतो. त्यावरचे शेवटचे चार आकडे, समजा २३१९, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. बेसमेंटमध्ये उभ्या गाडीचं रबर कडक होतं, बॅटरी बसते. थोडी पण नेमाने चालवलेली, सर्व्हिसचे कागद असलेली गाडी आम्हाला जास्त आवडते.

फोटोवरून व्हॉट्सअॅपवर भाव सांगत नाही, यावर काहींचा राग असतो. पण खालचा भाग लिफ्टवर चढवल्याशिवाय दिसत नाही, आणि सांगितलेला आकडा नंतर फिरवणं आम्हाला जमत नाही. आमच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, शिवाय गाडी विकेपर्यंत पैसा अडकतो. आमचा आकडा थोडा कमी दिसतो तो त्यामुळे. घाई नसेल तर गाडी पार्क अँड सेलवर ठेवा, म्हणजे आमच्याकडे उभी करा, आम्ही ती तुमच्या वतीने विकतो. मालक तुम्हीच राहता, कमिशन विक्री झाल्यावरच.

येताना आरसी, सर्व्हिसचे कागद, दोन्ही चाव्या आणा. कर्ज फिटलं असेल तर आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. आणि खास आमच्यासाठी पॉलिश-कोटिंग करू नका. रंगाची जाडी आम्ही मीटरने मोजतो, तो खर्च भावात मिळत नाही.