भूकंपोत्तर निवारा व शिधावाटप, कोयना-वारणा खोरे

भूकंपात घर पडलेल्या किंवा घरात परतायला न धजणाऱ्या कुटुंबांना स्वयंसेवकांनी तात्पुरता आडोसा आणि शिधा पोचवण्याचे काम. साताऱ्याचा पाटण आणि सांगलीचा शिराळा या तालुक्यांत त्याची रीत दोन गोष्टींनी ठरते : डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या आणि वर्षानुवर्षे न थांबणारे धक्के.

पार्श्वभूमी : 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. त्याची महत्ता (मॅग्निट्यूड) 6.3 ते 6.6 अशी वेगवेगळी नोंदली जाते. मृतांचे आकडे 177, 180 आणि सुमारे 200 असे आढळतात. 13 सप्टेंबर 1967 रोजी पाचाच्या वरच्या महत्तेचा एक धक्का येऊन गेला होता.

भूकंपाच्या कारणाविषयी मतभेद आहेत. सुमारे 103 मी. उंचीच्या कोयना धरणात 1962च्या सुमारास पाणी साठू लागले आणि त्यानंतर धक्के जाणवू लागले. भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी जलाशयातील पातळी वाढण्याचा वेग, कमाल पातळी आणि ती टिकण्याचा काळ यांचा भूकंपांशी संबंध दाखवला. दुसऱ्या मतानुसार इथला भ्रंश (खडक जिथे सरकतो ती भेग) मुळातच सक्रिय होता आणि धरण नसते तरी तो हलला असता. पहिले मत पूर्वीच्या शांततेवर भर देते. पण धरणापूर्वी जवळपास भूकंपमापक नव्हते, त्यामुळे त्या शांततेला मर्यादित वजन द्यावे लागते. ताणाखाली असलेल्या भ्रंशाला पाण्याने निमित्त दिले, ही मांडणी आज अधिक ग्राह्य वाटते. म्हणूनच ‘धरणाने घडवलेला’ यापेक्षा ‘जलाशयाने चेतवलेला’ हा शब्दप्रयोग बरा. वारणा जलाशय 1985 मध्ये भरू लागला आणि 1993 पासून त्या बाजूलाही धक्क्यांची संख्या वाढली, हे या मांडणीशी जुळते. 

मदतकार्याच्या दृष्टीने हा वाद केवळ पुस्तकी नाही. धक्के थांबत नाहीत, तोवर माणसे दगडी भिंतीखाली झोपायला तयार होत नाहीत. म्हणून पंधरा दिवसांच्या हिशेबाने नेलेला निवारा इथे अपुरा पडतो.

निवारा : 4 × 6 मी. ताडपत्री पाच माणसांच्या कुटुंबाला पुरते. 2 मी.च्या तीन मेढी 60 सेंमी. जमिनीत गाडून त्यांवर 6 मी. लांबीच्या बांबूचे आढे टाकले, की मध्यावर 1.4 मी. उंची मिळते आणि खाली सुमारे 17 चौ. मी. जागा होते. माणशी 3.5 चौ. मी. या प्रचलित निकषाने पाच जणांना 17.5 चौ. मी. हवी, म्हणजे ती किंचित कमीच पडते. शिवाय 12 मेखा आणि 30 मी. दोरी लागते. ताडपत्रीच्या काठाची भोके पहिल्याच जोराच्या वाऱ्याने फाटतात. त्यासाठी कोपऱ्यापासून वीतभर आत लिंबाएवढा गोल खडा ताडपत्रीत गुंडाळतात आणि त्याच्या मानेला दोरी आवळतात. मग ताण खड्यावर येतो. बांबूच्या कापलेल्या टोकांवर गोणपाट बांधले नाही, तर आढ्याशी ताडपत्री चिरते.

जागेची निवड अनेकदा चुकते. भाताचे खाचर सपाट असते, पण ओल्या मातीत मेखा सैल होतात. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या खडकाळ पठारावर, कातळात मेख जातच नाही. तिथे मातीने भरलेली पोती ठेवून त्यांना दोर बांधावे लागतात. आडोशाची दोन्ही उघडी तोंडे गोणपाटाने किंवा भाताच्या पेंढ्याने बंद करावीत. पडलेल्या घराचे दगड रचून आडभिंत कधीही करू नये : पुढच्या धक्क्यात ती झोपलेल्यांच्या अंगावर येते. चुलीची जागा मात्र पेंढ्यापासून लांब हवी. उताराचे पाणी वळवायला आडोशाच्या वरच्या अंगाला वीतभर खोल चर खणावा. कोयनानगरला वर्षाला सुमारे 5,000 मिमी. पाऊस पडतो, त्यामुळे जूनपूर्वी पत्र्याची शेड उभी राहणे अत्यावश्यक असते. पत्र्याला खिळा उंचवट्यावर, वॉशर घालून मारतात. खोलगट भागात मारला, की तिथूनच गळते. कौलारू घरांची तुळई, वासे व शाबूत कौले वाडीतल्या माणसांनीच बाजूला काढून ठेवली, तर शेडला तेच लाकूड उपयोगी पडते.

शिधा : पहिले दोन-तीन दिवस शिजवलेले अन्न लागते. शंभर माणसांच्या खिचडीला 12 किलो तांदूळ, 4 किलो मूगडाळ, दीड लिटर तेल, अर्धा किलो मीठ आणि सुमारे 50 लिटर पाणी असे प्रमाण ठेवतात. कराडला शिजवून बंद पिंपांतून वर नेलेली खिचडी वाटेत आंबते. पातेली आणि सरपण वाडीजवळच न्यावे. पुढे पाच जणांच्या कुटुंबाला आठवड्याला 16 किलो धान्य, अडीच किलो डाळ, एक लिटर तेल, पाऊण किलो साखर, मीठ, चहा व काडेपेटी. हे ओझे 20 किलोंवर जाते. पायवाटेने चढायचे असेल, तर त्याचे दोन बोजे करावेत. चूल मोडलेली असताना नुसते धान्य देऊन भागत नाही, एक पातेले व तवाही द्यावा लागतो.

वाटप : मोटारी कराड-चिपळूण रस्त्यावरच रिकाम्या होतात आणि रस्त्यालगतच्या गावांना चारचारदा मिळते, वरच्या धनगरवाड्यांना एकदाही नाही. हा अन्याय टाळता येतो. माल कराडला किंवा पाटणला उतरवून तलाठी व पोलीस पाटील यांच्याबरोबर वाडीवार यादी करावी. यादी घर-क्रमांकावर न करता चुलीवर करावी, कारण एका छपराखाली तीन चुली असतात. कर्ती माणसे मुंबईला असलेल्या घरांत म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या बायका मागे राहतात. त्या रांगेपर्यंत पोचत नाहीत, म्हणून आदल्या संध्याकाळी चिठ्ठी घरपोच द्यावी व तिचे अर्धुक यादीला टाचावे. रेशनकार्ड ढिगाऱ्याखाली असते. ते मागून कोणालाही परत पाठवू नये. जुन्या कपड्यांचे गठ्ठे मात्र न मागता येतात आणि निवडायला माणसे अडकतात. डिसेंबरच्या थंडीत त्यापेक्षा घोंगडी हवी असते.

जनावरे : गोठा पडलेल्या कुटुंबाला वैरण मिळाली नाही, तर ते जनावर सोडून छावणीत येत नाही. वैरणीची गाडी शिध्याच्या गाडीबरोबरच पाठवतात.