कन्सोल की पीसी: वाद यंत्राचा कमी, गेमच्या पैशांचा जास्त

पीएस फाइव्ह, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन हा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल, घ्यावा की पैसे थोडे वाढवून पीसी असेंबल करावा, यावर कोल्हापुरात राजारामपुरीपासून मंगळवार पेठेपर्यंत आजही हिरिरीने भांडणं होतात. बोलणं फिरतं ते ग्राफिक्स, फ्रेमरेट, कंट्रोलर आणि माऊसभोवती. आपल्याकडे पारडं कधी इकडं, कधी तिकडं झुकलं, त्याचं कारण मात्र मला गेमच्या किमतीत दिसतं.

कन्सोल कंपन्यांचा धंदा जुनाच आहे. यंत्र थोड्या नफ्यात, वेळ पडली तर तोट्यातही विकायचं आणि नंतर प्रत्येक गेममागे आपला वाटा घ्यायचा. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत फालतू गेमचा सुळसुळाट झाला आणि बाजार कोसळला. १९८५ मध्ये जपानची निन्टेंडो कंपनी तिथं उतरली, ती यंत्रात कुलूप घालूनच. आत एक चिप होती. परवान्याशिवाय काढलेली कॅसेट चालायचीच नाही. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या निन्टेंडोच्याच फॅमिकॉम या कन्सोलमध्ये ही चिप नव्हती. त्यामुळे तैवान-चीनमध्ये त्याच्या नकला धडाधड निघाल्या. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात घराघरांत पोचलेले ‘टीव्ही गेम’ बहुतेक याच जातीचे. एका कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याचा दावा, आणि प्रत्यक्षात मारिओ, कॉन्ट्रा अन् बदकं मारायची बंदूक फिरून फिरून तीच. म्हणजे कन्सोल इथं आला, पण त्याच्यामागचा धंदा आलाच नाही.

पीसी दुसऱ्याच दाराने आला. ‘अभ्यासासाठी’ म्हणून वडिलांनी हप्त्यावर घेतलेल्या कॉम्प्युटरवर डेव्ह आणि रोड रॅशसारखे गेम मित्राच्या सीडीवरून चढायचे. गेमला पैसे द्यायचे असतात, हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. लोडशेडिंगच्या काळात तर यूपीएसवर पीसी निदान सेव्ह करण्याइतका वेळ टिकायचा. टीव्ही गेमवाल्याने हात चोळत बसायचं.

२००० साली जपानमध्ये आलेल्या पीएस टूने चित्र पालटलं, तेही त्याचं कुलूप चुकवणारी चिप बसवल्यावर. ही चिप असली की कॉपी केलेल्या डिस्क चालायच्या, म्हणून तासावर खेळायला देणाऱ्या दुकानांना तो परवडायचा. पेठापेठांच्या तालमींचं फुटबॉल शाहू स्टेडियमवर बघून वाढलेल्या पोरांना एका टीव्हीसमोर दोन कंट्रोलर धरून फिफा हा फुटबॉलचा गेम खेळण्याची गोडी लागणारच होती. काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम खेळणारे सायबर कॅफेत लॅनवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पीसींवर, बसायचे. दोन्ही कंपू एकमेकांना खिजवायचे, पण गेम विकत घेणारा दोन्हीकडं विरळाच.

पीएस थ्री भारतात २००७ मध्ये आला आणि इथं खरी गाठ पडली. त्याचं कुलूप २०१० पर्यंत तुटलं नाही. गेम हजारो रुपयांना, तेही खरेखुरे. मध्यमवर्गीय घर पुन्हा पीसीकडं वळलं ते यामुळे, असं माझं मत. २०१५ च्या अखेरीस स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात रुपयांत किमती दिसू लागल्या. सेलमध्ये दोन-तीनशेत जुने गेम मिळायला लागले, तेव्हा कित्येकांनी आयुष्यातला पहिला गेम विकत घेतला.

यंत्रं तोवर सारखीच होत चालली होती. मायक्रोसॉफ्टच्या २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्स कन्सोलमध्ये पीसीतल्या पेन्टियम थ्रीच्या घराण्यातला प्रोसेसर होता. २०१३ चे पीएस फोर आणि एक्सबॉक्स वन दोन्ही एएमडी कंपनीच्या, पीसीच्याच धाटणीच्या चिपवर. पीएस फाइव्ह २ फेब्रुवारी २०२१ ला भारतात आला, ४९,९९० रुपयांना. त्या वर्षी चिपटंचाई आणि क्रिप्टो मायनिंग, म्हणजे कॉम्प्युटर राबवून डिजिटल नाणी मिळवण्याचा उद्योग, यांमुळे पीसीतल्या एकट्या ग्राफिक्स कार्डाच्या किमती आभाळाला भिडल्या होत्या. कधी नव्हे तो कन्सोल स्वस्त ठरला, फक्त दुकानात मिळत नव्हता.

त्याची डिस्क ड्राइव्ह नसलेली आवृत्ती तेव्हा ३९,९९० ची होती. दहा हजार वाचले, असं वाटायचं खरं. पण मोठे नवे गेम ४,९९९ ला होते. डिस्क असली तर खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी बदलता येते. डाउनलोड केलेल्या गेमचं तसं काहीच होत नाही. तीन-चार गेम झाले की ते दहा हजार गेलेच म्हणायचे.